हयातीच्या दाखल्याबरोबर अर्धा तास त्यांचं ऐकून घ्या : जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातले सगळे जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी साहेब, कल्याण संघटक, आणि ऑफिसात फायलींच्या ढिगामागे बसणारे सगळे भाऊ-ताई,

जय हिंद.

मी कऱ्हाडला मोबाईल रिपेरिंगचं छोटं दुकान चालवतो. स्वतः फौजेत कधी गेलो नाही, पण आमचा भागच असा की ज्या घरातनं कुणीच पलटणीत गेलं नाही असं घर शोधावं लागतं, म्हणून धीर करून लिहितोय. तुमच्यातले बरेच जण स्वतः वर्दी घालून आलेत, तेव्हा माझं म्हणणं तुम्हाला फार समजावून सांगावं लागणार नाही असं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धातली आपली माणसं संपत आलीत साहेब. १९४५ ला लढाई थांबली तेव्हा जो अठरा वर्षांचा होता तो आज शंभरीच्या उंबऱ्यावर आहे, आणि जी पोरं वय वाढवून सांगून भरती झाली होती ती सुद्धा आता पंच्याण्णवच्या पुढं गेलीत. अजून दोनचार हिवाळे, मग कुणी उरणार नाही. आणि जे कुणी उरलेत ते कुठल्या गावात, कुठल्या वाडीत, कुणाकडे राहतात हे तुमच्या रजिस्टरात आहे. त्यांना राज्याकडनं दर महिन्याला जे अनुदान मिळतं त्यासाठी ते दरवर्षी तुमच्यासमोर येतात, नातवाच्या खांद्याला धरून येतात, नाहीतर रिक्षातनं उचलून आणतात, आणि तुम्ही बघता की माणूस हयात आहे, अंगठा घेता, शिक्का मारता. ती वेळ मला हवीय. शिक्का मारून झाल्यावर त्या माणसाला लगेच उठवू नका, चहा द्या, मोबाईल चालू करून समोर ठेवा आणि अर्धा तास त्याला बोलू द्या. एवढंच मागायला हे पत्र आहे, बाकी सगळं मी का मागतोय ते सांगण्यासाठी.

माझे आबा, म्हणजे वडलांचे वडील, इटलीत होते. मराठा पलटणीत. २०१४ ला गेले, ब्याण्णव वर्षांचे होऊन. घरात त्यांची पत्र्याची पेटी होती, हिरव्या रंगाची, झाकणाला आतनं नाव लिहिलेलं, आणि त्यात डिस्चार्ज बुक, एक वस्तरा, आणि पिवळट धातूचा सहा टोकांचा तारा, मधे जॉर्ज राजाची अक्षरं. ताऱ्याला लाल पांढरा हिरवा पांढरा लाल अशी फीत. आम्हा पोरांना त्या ताऱ्याचं लई आकर्षण. एका बेंदराला आम्ही तो पेटीतनं काढला आणि खोंडाच्या गळ्यात घुंगरांबरोबर बांधला, आख्ख्या गावातनं मिरवला. आबा ओट्यावर बसून बघत होते, काही बोलले नाहीत. संध्याकाळी बैल परत आले तेव्हा त्यांनी स्वतः उठून ती फीत सोडली, धोतराच्या सोग्यानं तारा पुसला, शिंगाचा रंग लागला होता तो नखानं खरवडला, आणि पेटीत ठेवून दिला. मी तेव्हा आठदहा वर्षांचा असेन. त्याला इटली स्टार म्हणतात हे मला आबा गेल्यावर कळलं. त्या फितीचे रंग इटलीच्या झेंड्याचे आहेत हे सुद्धा नंतरच कळलं.

त्यांच्याबरोबर मी एका घरात वीसेक वर्षं काढली आणि कधी विचारलं नाही की आबा, तिथं काय झालं. एकदा फक्त, पावसात चिखल तुडवत रानातनं आलो तेव्हा ते म्हणाले, "ह्यो काय चिखुल, चिखुल इटलीत हुता." मी हसलो आणि पाय धुवायला गेलो. आता वाचून वाचून मला माहीत झालंय की १९४३ च्या हिवाळ्यात सांग्रो नदीच्या काठावर मराठा पलटण होती, पाऊस थांबत नव्हता, नदीला पूर येऊन पूल वाहून जात होते. आबा त्याच चिखलाबद्दल बोलत होते की दुसऱ्या कुठल्या हे मी आता कुणाला विचारू.

मोबाईलच्या दुकानात बसून मला एक गोष्ट फार जवळनं दिसते ती सांगतो. महिन्यातनं एकदोन गिऱ्हाईकं अशी येतात की फोन पाण्यात पडलेला, मदरबोर्ड गेलेला, मी सांगतो की दुरुस्त होणार नाही नवीन घ्या, तर ते म्हणतात फोन राहू द्या, आत आमच्या म्हातारीचा आवाज आहे, व्हॉट्सॲपला पाठवलेला, तेवढा काढून द्या, लागतील तेवढे पैसे घ्या. कधी निघतो, कधी नाही. नाही निघाला की ते माणूस काउंटरवर फोन तसाच धरून उभं राहतं, बोलत नाही. मला त्या वेळी दर वेळेला आबा आठवतात, कारण माझ्याकडे तर खराब फोन सुद्धा नाही.

थोडं इतिहासाचं सांगतो, तुम्हाला ठाऊक असेल पण हे पत्र बाकीचे लोक पण वाचतील म्हणून. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौज पंचवीस लाखांची झाली, सगळे स्वतःहून भरती झालेले, सक्तीची भरती इथं नव्हती, आणि त्यातले सुमारे ८७ हजार परत आले नाहीत. मराठा पलटणी १९४१ ला इरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढल्या, १९४४ च्या मार्चमधे मणिपूरच्या बाजूला सांगशाकला जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत होत्या, इटलीत तर होत्याच. ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी किती पाठपुरावा केला होता ते सगळ्यांनाच माहीत आहे. खडकीचे बॉम्बे सॅपर्स सगळीकडे सुरुंग काढत आणि पूल बांधत पुढं. कोकणातली पोरं जहाजांवर. इटलीत जवळजवळ ५० हजार हिंदी सैनिक गेले, त्यातले ५,७८२ तिथंच राहिले, आणि त्या सगळ्या आघाडीवर जे २० व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, दिले गेले त्यातले ६ आपल्या फौजेला, आणि त्या सहातले दोन आपले मराठी. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे आणि संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव.

यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला वरच्या टायबर खोऱ्यात पडले. त्यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, हे एकटे राहिले, आणि एकटेच त्या गनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला टॉमीगननं मारलं, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं. मग स्नायपरच्या गोळीनं गेले. बावीस वर्षांचे होते. त्यांचा देह मिळाला नाही, कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आणि बघा, इटलीतल्या मोंतोने नावाच्या छोट्या गावानं २०२३ च्या जुलैमधे त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं. एवढ्या वर्षांनी. त्या लोकांचा आणि पळसगावचा काय संबंध होता, तरी त्यांनी आठवण ठेवली.

नामदेव जाधव मात्र जिवंत परत आले. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, ते कंपनीचे रनर होते, म्हणजे निरोप्या. कंपनी कमांडर आणि आणखी एक जण जखमी, बाकीचे पडलेले, आणि ह्या माणसानं त्या दोघांना एकेक करून पाण्यातनं, चढ्या काठावरनं, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातनं पलीकडे नेलं. मग परत येऊन गन बंद पाडल्या, हाताला गोळी लागल्यावर बंदूक धरता येईना म्हणून ग्रेनेड टाकत राहिले, आणि शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची गर्जना देत कंपनीला पुढं बोलावलं. ते १९८४ पर्यंत होते. विचार करा साहेब, जवळजवळ चाळीस वर्षं हा माणूस आपल्यात राहिला, चालला, जेवला, तेव्हा टेपरेकॉर्डर घराघरात आले होते. ती नदी ओलांडतानाचं त्यांच्या तोंडचं वर्णन, त्यांच्या त्या भागातल्या बोलीत, शाळेतल्या पोरांना ऐकवायला मिळालं असतं तर कसं वाटलं असतं.

आणि हे झालं व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचं, त्यांचं निदान सायटेशन, म्हणजे कशासाठी पदक दिलं ते लिहिलेला सरकारी मजकूर, तरी आहे. माझ्या आबांसारख्यांना सायटेशन नव्हतं.

आमच्याकडे हे लोक गप्प का राहिले याचं एक कारण आहे आणि ते साताऱ्याच्या माणसाला लगेच कळेल. १९४३ ते ४६, बरोबर त्याच काळात, आमच्या गावागावात नाना पाटलांचं पत्री सरकार चालू होतं. म्हणजे एका घरातला थोरला इंग्रजाच्या पलटणीत इटलीत, आणि त्याच घरातला धाकटा रात्री डोंगरात भूमिगतांना भाकऱ्या पोचवायला जाणारा. आमच्याच घरात असं होतं. थोरल्याची मनीऑर्डर यायची त्यावर घर चालायचं, आणि त्याच पिठाच्या भाकऱ्या डोंगरात जायच्या. आबांची आई दोघांसाठी एकाच देवीला नवस बोलायची. स्वातंत्र्य मिळाल्यावर धाकट्या आजोबांना शाळेत पंधरा ऑगस्टला बोलवायचे, पोरं टाळ्या वाजवायची, आणि ते योग्यच होतं, त्यांनी जीव धोक्यात घातला होता. आबा मागं बाकावर बसायचे. कुणी त्यांना हिणवलं असं नाही, पण आपण परक्याच्या राजासाठी लढलो हे त्यांच्या मनात कुठंतरी राहिलं असणार, म्हणून ते बोलले नसतील. आज मला वाटतं की दोघांनाही शेजारी बसवून ऐकायला पाहिजे होतं, त्या एका घरात आख्खा १९४४ साल बसला होता. त्यांना पोट होतं, दुष्काळी रान होतं, बहिणीचं लग्न होतं, आणि पलटणीचा मान होता. हे त्यांच्या तोंडून आलं असतं तर कुणाला न्यायाधीश व्हायची गरज पडली नसती.

दुसरं असं की लढाई संपल्यावर लाखोंना घरी पाठवलं. पंधरा वर्षं भरली नाहीत म्हणजे पेन्शन नाही. तारे मिळाले, थोडे पैसे मिळाले, आणि माणूस परत नांगराच्या मागं. त्यामुळे "पेन्शनीत आलेला" असा जो गावात मान असतो तो पण ह्यांना नव्हता. पुढं राज्यानं अनुदान सुरू केलं तेव्हा कुठं त्यांची नावं परत कागदावर आली. म्हणून म्हणतो, तुमचं रजिस्टर हे साधं रजिस्टर नाही हो.

बाहेरच्या देशांचं बघा. पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा शेवटचा सैनिक लाझार पोंतिचेली १२ मार्च २००८ ला गेला, ११० वर्षांचा. त्याच्यासाठी सरकारी इतमामात अंत्यसंस्कार ठरले होते तर तो आधी नको म्हणत होता, म्हणाला की माझ्याआधी जे गेले त्यांना असं काही मिळालं नाही, मग शेवटी साधेपणानं, सगळ्यांच्या नावानं होणार असेल तर ठीक म्हणून कबूल झाला. इंग्लंडचा हॅरी पॅच २५ जुलै २००९ ला गेला, १११ वर्षांचा. ह्या हॅरी पॅचची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. २२ सप्टेंबर १९१७ ला एक तोफगोळा फुटला आणि त्याचे तीन जिवलग एकदम गेले. आयुष्यभर तो दिवस त्यानं एकट्यानं पाळला, आणि शंभरी गाठेपर्यंत लढाईबद्दल कुणाशी बोलला नाही, बायकोशी सुद्धा नाही. शंभराव्या वर्षी कुणीतरी येऊन विचारलं तेव्हा बोलायला लागला, आणि मग अकरा वर्षं बोलत राहिला. शंभराव्या वर्षी, साहेब! म्हणजे "आता काय विचारायचं, वय झालं" असं म्हणायचं काही कारणच नाही. लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियमनं १९७२ पासनं असे आवाज गोळा केले, अमेरिकेत २००० साली संसदेनं कायदाच केला की जे कुणी युद्धात होते त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करून लायब्ररीत ठेवायच्या.

आणि आपल्याकडे? पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपाशीपोटी महिने काढले, घोडे खाऊन दिवस काढायची वेळ आली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात गेले, गावाच्या नावालाच "मिलिटरी" जोडलं गेलं. त्या युद्धातला आपला शेवटचा म्हातारा कुठल्या वाडीत, कुठल्या ओट्यावर, कुठल्या साली गेला? फ्रान्सकडे नाव आहे, इंग्लंडकडे आहे, आपल्याकडे कुणाच्या ओठावर नाव नाही. तो गेला असेल तेव्हा गावात नेहमीसारखी तिरडी बांधली असेल, दहावं झालं असेल, आणि दुसऱ्या दिवशी लोक रानात गेले असतील.

पहिल्या महायुद्धातल्या हिंदी शिपायांचे आवाज थोडे आहेत, पण ते कुणी ठेवलेत बघा. जर्मनांनी. बर्लिनजवळ वुन्सडॉर्फला कैद्यांची छावणी होती, तिथं जर्मन भाषा-अभ्यासकांनी कैद्यांना रेकॉर्डिंगच्या भोंग्यासमोर उभं करून बोलायला लावलं. मालसिंग नावाच्या एका पंजाबी शिपायाचं १९१६ च्या डिसेंबरमधलं रेकॉर्डिंग आहे, त्यात तो दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगितल्यासारखं सांगतो की एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, दूध प्यायचा, तो इंग्रजांच्या नोकरीत आला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी पकडला, आता त्याला हिंदुस्थानात परत जायचंय. एका मिनिटाच्या आसपासचं आहे. शंभर वर्षं होऊन गेली तरी ते ऐकताना त्या लोण्यापाशी गळा भरून येतो. शत्रूनं आपल्या व्याकरणाच्या अभ्यासासाठी ठेवलेला आवाज आज आपल्याला मिळतो, आणि आपण आपल्याच ऑफिसात दरवर्षी येणाऱ्या माणसाचा फक्त अंगठा घेतो.

आता मी स्वतः काय केलं ते सांगतो. आमच्या शेजारच्या वाडीत आप्पा आहेत. शंभरी ओलांडलीय, बर्माच्या बाजूला होते, मणिपुरात. गेल्या दिवाळीत मी त्यांच्याकडे गेलो, नातसुनेनं खाटेवर बसवलं, मी मोबाईल पालथ्या पितळी वाटीवर ठेवला आणि म्हणालो आप्पा, लढाईचं सांगा. ते म्हणाले, "काय सांगायचं, लढाई हुती." आणि गप्प. पाचसात मिनिटं तशीच गेली, मला वाटलं संपलं. मग मी सहज विचारलं, जेवायला काय मिळायचं? आणि जे सुरू झालं ते चाळीस मिनिटं थांबलं नाही.

सगळ्या वाटा जपान्यांनी तोडलेल्या, मग रसद विमानातनं. छत्री म्हणजे पॅराशूट. "पिठाची पोती आभाळातनं पडायची. छत्रीबिगर. दोन-दोन पोत्यात भरल्यालं पीठ, आतलं फुटलं तरी भायेरचं धरायचं. आमी वरडायचो, पळा रं पळा, कारन पोतं अंगावर आलं तर मानूस खलास. एकजन तसाच गेला आमचा. जपान्याच्या गोळीनं न्हाय, पिठानं." मग बराच वेळ गप्प राहिले, आणि मग त्या पोराचं नाव, गाव, त्याच्या बापाचं नाव सांगितलं. इतकी वर्षं ते नाव त्यांनी जिभेवर धरून ठेवलेलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना आधी कळलं पाहिजे, मी शोधतोय.

मग नातसुनेला म्हणाले पेटी आण. पेटीत एक कुंची निघाली, लहान बाळाची, पांढरं कापड आता चहाच्या रंगाचं झालेलं. औषधाच्या पेट्या छत्रीनं यायच्या, त्या छत्रीचं कापड त्यांनी कंबरेला गुंडाळून घरी आणलं होतं आणि त्यांच्या आईनं त्याची कुंची शिवली, थोरल्या मुलाच्या बारशाला. काठाला लाल दोऱ्यानं गाठी घातल्यात, दोन गाठी तुटल्यात. नातसून म्हणाली, आजे, मला आजपर्यंत वाटत होतं ही बाजारातली आहे. तिच्या दोन्ही मुलांना ती घातली होती तिनं.

हे सगळं रेकॉर्ड झालंय. मधे कोंबडा ओरडतो, एकदा पिठाची गिरणी चालू होते, तरी आवाज स्वच्छ आहे.

म्हणून त्या चाळीस मिनिटांतनं जे शिकलो ते सांगतो, तुमच्या माणसांना उपयोगी पडेल. शौर्य विचारू नका. "तुम्ही किती शत्रू मारले" तर अजिबात नको, त्यानं माणूस मिटतो. जेवण विचारा, बूट कसे होते विचारा, बोटीत किती दिवस लागली, ओकाऱ्या कुणाला झाल्या, पत्र कोण लिहून द्यायचं, बर्फ पहिल्यांदा बघितला तेव्हा काय वाटलं, शेजारी कोण झोपायचा. शेजारी कोण झोपायचा ह्या प्रश्नावर सगळं निघतं. सालं, तारखा, पलटणीचा नंबर हे त्यांच्या डिस्चार्ज बुकावर असतं, त्याचा फोटो काढून घ्या, त्यासाठी त्यांना दमवू नका. ते एकच गोष्ट तीनदा सांगतील, सांगू द्या. तपशील चुकतील, इंफाळचं कोहिमात जाईल, कॅसिनोचं सांग्रोत येईल, येऊ द्या, बेळगावला रेजिमेंटल सेंटर आहे, पलटणींचे इतिहास आहेत, ते पुढं कुणीतरी अभ्यासू माणूस जुळवून बघेल. पण आवाजच नसला तर तो अभ्यासू माणूस जुळवणार काय? रडायला लागले तर रेकॉर्डिंग थांबवा आणि हात धरून बसा. घरचं एक माणूस शेजारी असू द्या आणि परवानगी आधी विचारा, ते सगळं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आज्यांना विसरू नका. आमच्या भागात तरी अनुदान घ्यायला येणाऱ्यांत आता बायकाच जास्त, त्या सैनिकांच्या विधवा, नव्वदीच्या पुढच्या. त्या लढाईवर गेल्या नव्हत्या म्हणून त्यांच्याकडे सांगण्यासारखं नाही असं कुणी समजू नये. पोस्टमन वाडीच्या वळणावर दिसला की सगळ्या बायका दारात उभ्या राहायच्या, तो मनीऑर्डर घेऊन आलाय की तार, ते त्याच्या चालण्यावरनं ओळखायचा प्रयत्न करायच्या, असं माझी आजी सांगायची. हे कुठल्या रेजिमेंटच्या इतिहासात सापडणार? ज्यांचे नवरे आलेच नाहीत त्यांच्यातल्या काहींनी तर कुंकू पुसायचं का नाही ह्यात वर्षं काढली, कारण देह नाही, दहन कुठं झालं ते माहीत नाही. इटलीत सांग्रो नदीपाशी दहन केलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे, पाचशेहून जास्त नावं आहेत, नावं कोरलेली आहेत, नीट सांभाळलेलं आहे. हे आपल्या किती वाड्यांत कुणी जाऊन सांगितलं असेल?

तुम्ही म्हणाल माणसं कमी आहेत, आधीच कामं ढीगभर, पेन्शनच्या केसेस, मुलांच्या शिष्यवृत्त्या, जमिनीचे तंटे, सगळं तुमच्याच गळ्यात. कबूल आहे. पण आता ह्या वयाचे एका जिल्ह्यात असून असून किती असणार, रोजचं काम थोडंच आहे ते. खर्चाचं म्हणाल तर मी माझ्या धंद्यातलं सांगतो, अर्ध्या तासाचा साधा ऑडिओ तीस एमबीच्या आत बसतो, म्हणजे ३२ जीबीच्या एका पेनड्राइव्हमधे हजार माणसं मावतात, आणि तो पेनड्राइव्ह चारपाचशे रुपयांच्या आसपास मिळतो. दोन कॉपी करा, एक तुमच्याकडे, एक घरच्यांकडे. सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या तीन जिल्ह्यांत मी स्वतः येऊन माणसांना शिकवायला तयार आहे, रविवारी दुकान बंद असतं, पैसे नकोत, येण्याजाण्याचं माझं मी बघेन. गावातल्या कॉलेजच्या एनसीसीच्या पोरांना सांगा, ती पळत येतील. जे अंथरुणाला खिळलेत आणि ऑफिसात येऊच शकत नाहीत त्यांच्या घरी ती पोरं जाऊ शकतात.

आणखी एक मागणं, छोटं आहे. तालुक्यातला असा शेवटचा माणूस जाईल तेव्हा तुमच्या रजिस्टरात त्या नावापुढं फक्त "मयत" लिहून फाईल बंद करू नका. त्या गावच्या सरपंचांना एक फोन करा, शाळेला कळवा. पोरं पाच मिनिटं उभी राहतील, कुणीतरी गुरुजी सांगतील की हा माणूस केरेनला होता किंवा इंफाळला होता, नकाशा दाखवतील. फ्रान्सएवढं काही नको आम्हाला.

आणि हे जमलं तर इथंच थांबू नका. १९४७-४८ ला काश्मीरला गेलेले आता ह्यांच्याच वयाचे. १९६२ चे, ६५ चे ऐंशीच्या आसपास नाहीतर पुढं गेलेत, ७१ चे सुद्धा पंचाहत्तरीच्या आसपास. ते अजून चालत तुमच्या ऑफिसात येतात, मोठ्यानं हसतात, एकमेकांना शिव्या देतात, त्यामुळे आपल्याला वाटतं वेळ आहे. आबा सुद्धा चालत होते, आणि मला सुद्धा तसंच वाटत होतं.

आप्पा ह्या नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला येणार आहेत. नातू गाडीवर मधे बसवून आणेल, मागं नातसून धरून बसेल. मी त्यांना सांगितलंय की ह्या वेळी साहेब तुमच्याशी बोलणार आहेत, तर त्यांनी आत्तापासून कोट धुवायला काढायला लावलाय. सकाळी लवकर बोलवा, जेवल्यावर त्यांना झोप येते. चहात साखर चालते. डाव्या कानानं काही ऐकू येत नाही, तेव्हा उजव्या बाजूला बसा.

आपला,
कऱ्हाडचा एक मोबाईल दुकानदार, एका मराठा पलटणवाल्याचा नातू